‘जेकब्स लॅडर’मधली थरथर आणि शेवटची पाटी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ‘जेकब्स लॅडर’ (१९९०) या अमेरिकी चित्रपटावर आलेला लेख वाचला. एड्रियन लाइन यांचा हा मानसशास्त्रीय भयपट आजही पाहिला जातो आणि त्यावर कोणी पानभर लिहिते, याचा आनंदच आहे. मात्र लेखात हा चित्रपट ‘सत्यघटनेवर आधारित’ असल्याचे म्हटले आहे, त्यातली भुते ‘संगणकाची करामत’ ठरवली आहेत, आणि नायकाची अवस्था म्हणजे युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आजाराचे ‘हुबेहूब चित्र’ असल्याचा निर्वाळाही दिला आहे. यातले पहिले सिद्ध झालेले नाही, दुसरे साफ चूक आहे आणि तिसरे जेमतेम निम्मे खरे. आमच्यापैकी एक जण चित्रपट संकलन करतो, दुसरी मानसोपचार करते. दोघांनाही हा चित्रपट फार आवडतो, म्हणूनच लिहायला बसलो. शेवट आम्ही फोडणार नाही. लेखाने तो दुसऱ्याच परिच्छेदात फोडला आहे, ती तक्रार वेगळी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जेकब सिंगर (टिम रॉबिन्स) १९७१ मध्ये व्हिएतनाममध्ये संगिनीने जखमी होतो. त्यानंतर तो आपल्याला न्यूयॉर्कमध्ये टपाल खात्यात काम करताना दिसतो. पलटणीत सोबती ज्याला ‘प्रोफेसर’ म्हणत, तो माणूस आता पत्रांची वर्गवारी करतो. पहिले लग्न मोडले आहे, लहान मुलगा गेला आहे. आणि मग भुयारी रेल्वेत, रस्त्यावर, एका पार्टीत त्याला माणसांच्या जागी काही भलतेच दिसू लागते.

सुरुवात त्या भलत्याच गोष्टीपासून करू, कारण चित्रपटाची खरी ताकद तिथे आहे. ब्रूस जोएल रुबिन यांच्या मूळ पटकथेत शिंगे, शेपट्या आणि पंख असलेले पारंपरिक सैतान होते. लाइन यांनी ते काढून टाकले. निर्णय अचूक होता. तसे सैतान पडद्यावर आले की प्रेक्षक त्यांना ओळखतो, आणि ओळख पटली की निर्धास्त होतो. लाइन यांनी त्याऐवजी माणसाचेच शरीर घेतले आणि ते किंचित बिघडवले. चित्रकार फ्रान्सिस बेकन यांची पुसट, फराटा ओढल्यासारखी माणसे त्यांच्या डोळ्यांपुढे होती. दवाखान्यातल्या कर्मचारी बाईची टोपी सरकते आणि खाली शिंगासारखे काहीतरी क्षणभर दिसते; पटकथेतल्या सैतानाचा एवढाच अंश उरला आहे, आणि तो पुरतो.

ज्या थरथरत्या डोक्याची सगळे आठवण काढतात, ते संगणकावर घडवलेले नाही. परिणाम कॅमेऱ्यातच साधलेला आहे. नट डोके हलवत असताना चित्रण नेहमीपेक्षा खूप कमी फ्रेमवर केले आणि पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखवले. वाचायला सोपे वाटते. पण गेल्या काही वर्षांत कितीतरी लघुपटांत आणि मालिकांत याची नक्कल झाली आणि बहुतेक ठिकाणी ती विनोदी झाली. ती का फसते ते नीट सांगितले पाहिजे.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. कॅमेऱ्याचे शटर १८० अंशांवर, म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ उघडे, असेल तर प्रत्येक फ्रेम सेकंदाचा १/४८ भाग प्रकाश घेते. हिशेबासाठी धरू की चित्रण सेकंदाला ४ फ्रेमने केले. आता तेच शटर प्रत्येक फ्रेमला १/८ सेकंद उघडे राहते. म्हणजे दोन गोष्टी एकदम होतात: हालचाल सहापट वेगवान होते आणि प्रत्येक फ्रेममधला फराटाही सहापट लांब होतो. नक्कल करणारे पहिली गोष्ट करतात आणि दुसरी विसरतात. नेहमीसारखे २४ फ्रेमने चित्रण करायचे आणि संकलनाच्या टेबलावर क्लिप सहापट पळवायची, ही त्यांची रीत. त्यात सॉफ्टवेअर दर सहापैकी एक फ्रेम ठेवते, आणि ती फ्रेम १/४८ सेकंदाची, म्हणजे बऱ्यापैकी रेखीव असते. चेहरा स्पष्ट दिसतो आणि टकटक उड्या मारतो. मूकपटातली पळापळ आपल्याला हसवते, तिचेही कारण याच जातीचे आहे. भीती वाटायची तर चेहरा विरघळला पाहिजे. डोळे आणि तोंड कुठे आहेत हे मेंदूला हुडकता येता कामा नये, आणि खांदे मात्र दगडासारखे स्थिर दिसले पाहिजेत.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा. हातात धरलात तर १/८ सेकंदात अख्खी चौकट पुसली जाते आणि डोक्याचा वेगळेपणा संपतो. प्रकाश सहापट जास्त आत येतो, म्हणजे अडीच स्टॉपहून थोडा अधिक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा); ०.९ चा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश तीन स्टॉप कमी करणारी काच, लावून भिंगाचे छिद्र जवळजवळ अर्धा स्टॉप उघडले की हिशेब जुळतो. नटाची पाठ भिंतीला किंवा आसनाला टेकलेली असावी, कॉलर बंद, केस बांधलेले. चौकटीत दुसरे काहीही हलता कामा नये: पडदा, धूर, मागून जाणारा माणूस, सगळेच सहापट पळते आणि युक्ती उघडी पडते. चित्रपटातली गाडीच्या काचेमागे बसलेली आकृती म्हणूनच इतकी चालते. तिथे हलायला डोक्याशिवाय काही नसतेच.

सर्वांत जास्त घोळ लयीत होतो. नटाने डोके सेकंदाला बरोबर चारदा हलवले तर ते कॅमेऱ्याच्या ४ फ्रेमशी जुळते. मग प्रत्येक फ्रेममध्ये डोके त्याच त्या जागी सापडते आणि पडद्यावर एक जाडसर डाग स्थिर उभा राहतो. लय मुद्दाम मोडावी लागते: कधी आडवे, कधी खाली, मध्येच अर्धवट थांबून. तीस सेकंद हलवले की पडद्यासाठी पाच सेकंद मिळतात आणि त्यातले दोनच वापरायचे असतात, त्यामुळे मान दुखेपर्यंत टेक घेण्याचे कारण नाही. चक्कर येते, मधे विश्रांती द्या. पडद्यावर दोन सेकंदांपुढे गेलात तर प्रेक्षकाची नजर सरावते आणि तो ‘हे कसे केले असेल’ याचा विचार करू लागतो. तिथे भीती संपली.

कॅमेरा ४ फ्रेमपर्यंत उतरत नसेल तरी मार्ग आहे. शटर ३६० अंशांवर, म्हणजे पूर्ण वेळ उघडे, ठेवून २४ फ्रेमने चित्रण करा, म्हणजे प्रत्येक फ्रेम १/२४ सेकंदाची होईल. मग दर सहा फ्रेमच्या गटातल्या सलग तीन एकमेकींत मिसळून त्यांची एक फ्रेम करा आणि उरलेल्या तीन टाका. तीन गुणिले १/२४ म्हणजे १/८ सेकंद. फराटा मूळ पद्धतीइतकाच मिळतो. आवाज अर्थातच वेगळा बसवायचा, या चित्रणाबरोबरचा उपयोगाचा नसतो.

एका गोष्टीचे कौतुक आम्हाला करवत नाही. भुतांसाठी लाइन यांनी थॅलिडोमाइड या औषधामुळे जन्मतः व्यंग आलेल्या शरीरांचाही आधार घेतला होता. रुग्णालयाच्या बोळातला प्रसंग, जिथे स्ट्रेचर साध्या दवाखान्यातून निघते आणि कत्तलखान्यात पोहोचते, रचनेच्या दृष्टीने अप्रतिम आहे. पण व्यंग म्हणजे भयाचे साधन, हा त्यामागचा विचार आज खटकतो आणि खटकायलाच हवा. लेखात याचा उल्लेखही नव्हता.

आता ‘सत्यघटने’कडे वळू. चित्रपट संपल्यावर पडद्यावर एक पाटी येते. बीझेड हे भ्रम निर्माण करणारे रसायन व्हिएतनाम युद्धात सैनिकांवरील प्रयोगांत वापरले गेल्याच्या बातम्या होत्या आणि पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, त्या नाकारल्या, असा तिचा आशय. बातमी होती आणि नकार आला, एवढेच ती पाटी सांगते. लेखाने तिला पुरावा मानले. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांना गुपचूप बीझेड पाजल्याचा आरोप सिद्ध झालेला नाही. आपल्या संकेतस्थळावरच्या आवृत्तीत तरी हे विधान दुरुस्त करावे, ही विनंती.

जे नोंदलेले आहे तेही काही कमी धक्कादायक नाही. मेरिलँडमधील एजवुड आर्सेनल येथे अमेरिकी लष्कराने १९५५ ते १९७५ या काळात सुमारे सात हजार सैनिक-स्वयंसेवकांवर रसायनांचे प्रयोग केले. त्यांत काहींना बीझेड दिले गेले. सैनिक स्वतः तयार झाले होते, पण आपल्याला काय दिले जाणार आणि त्याचे पुढे काय होऊ शकते, याची पुरेशी कल्पना अनेकांना नव्हती; वाद त्यावरच झाला आणि न्यायालयांपर्यंत गेला. म्हणजे प्रयोग झाले, ते मायदेशातल्या प्रयोगशाळेत झाले, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले. चित्रपटात एक रसायनतज्ज्ञ जेकबला सांगतो की त्याच्या पलटणीला व्हिएतनाममध्ये गुपचूप आक्रमकता वाढवणारे औषध दिले होते; ती कहाणी याहून बरीच वेगळी आहे.

औषधशास्त्राच्या बाजूने पाहिले तर ती कहाणी आणखी ढासळते. बीझेड १९५१ मध्ये हॉफमन-ला रोश या औषध कंपनीत पोटाच्या विकारांवरील औषधे शोधताना तयार झाले. मेंदूत आणि शरीरात अॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन ज्या जागांवर (मस्करिनिक ग्राहकांवर) बसून काम करते, त्या जागा ते अडवते. धोतऱ्याच्या बीतले अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन हेच करतात, त्यामुळे धोतऱ्याची विषबाधा ज्याने पाहिली आहे त्याला बीझेडचे चित्र डोळ्यांपुढे आणता येईल: तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी धावती, कातडी लाल, तापलेली आणि कोरडी, कारण घामच येत नाही. माणूस अंथरुणावरच्या नसलेल्या गोष्टी वेचतो, हवेत हात फिरवतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, मधेच गुंगीत जातो. त्याला वेळकाळ कळत नाही आणि आपल्याला काही झाले आहे हेही कळत नाही. परिणाम काही तासांनी चढतो आणि साधारण तीन-चार दिवसांत उतरतो. फायझोस्टिग्मीन हे त्यावरचे उतारा-औषध.

याच्या शेजारी चित्रपट ठेवून पाहा. तिथले औषध पोटात जाताच पलटण चवताळते आणि सोबत्यांवरच तुटून पडते. बीझेड घेतलेल्या माणसाला नेम धरून हल्ला करणे तर सोडाच, बुटाची नाडी बांधणे जमत नाही. दुसरे, जेकबला १९७१ मध्ये रसायन दिले असे धरले तर ७५ साली त्याचे भास सुरू होण्याला काही आधार नाही. इतक्या वर्षांनी ते शरीरात उरत नाही. एकच प्रसंग थोडाफार जुळतो. ताप भयंकर चढल्यामुळे जेकबला बर्फाच्या पाण्यात बुडवतात तो. घाम बंद झाल्यावर शरीर असे तापते खरे, आणि बाहेरून थंड करणे हाच तातडीचा उपाय असतो. तो लेखकाचा अभ्यास होता की योगायोग, कोण जाणे.

शस्त्र म्हणूनही बीझेड अपयशीच ठरले. परिणाम व्हायला तास लागतात. तोवर शत्रू गोळ्या झाडत राहणार. पांढरा धूर लांबून दिसतो. कोण गुंगीत पडेल आणि कोण सैरावैरा धावेल याचा भरवसा नाही. अमेरिकेने भरून ठेवलेला साठा १९८८ ते १९९० दरम्यान आर्कान्सामधील पाइन ब्लफ येथे नष्ट केला. चित्रपट झळकला तो नोव्हेंबर १९९० मध्ये, म्हणजे प्रेक्षक ज्या रसायनाला घाबरून घरी जात होते त्याची विल्हेवाट नुकतीच लागली होती.

लाइन यांना हे प्रकरण डोईजड होत असल्याचे जाणवले असावे, असा आमचा तर्क आहे. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळांनंतर चित्रपटातून सुमारे वीस मिनिटे कापली गेली आणि त्यात रसायनावरच्या उताऱ्याचा मोठा प्रसंग होता. तो कापला हे उत्तम झाले. पाटीही कापली असती तर आणखी बरे होते. पूर्ण चित्रपट एका माणसाच्या आत घडतो आणि शेवटी कोणी तरी येऊन सरकारी गुपिताची बातमी वाचून दाखवतो. सूर तिथेच फाटतो.

राहिला आजाराचा मुद्दा. कथेचा काळ साधारण १९७५ चा, आणि त्या वर्षी आघातोत्तर तणाव विकार किंवा पीटीएसडी हे निदानच अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तकात नव्हते. या पुस्तकाच्या, म्हणजे डीएसएमच्या, १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेची एक नोंद होती, ती १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत गळली. पीटीएसडी आले ते १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत. मधल्या काळात परतलेला सैनिक दवाखान्यात गेला की त्याला स्किझोफ्रेनिया, दारूचे व्यसन किंवा मुळातलाच स्वभावदोष यांपैकी काहीतरी चिकटवले जाई. चित्रपटात जेकब माजी सैनिकांच्या दवाखान्यात जातो आणि त्याची फाइलच सापडत नाही. शिंगवाल्या टोपीपेक्षा तो ‘नोंद नाही’ हा शब्द जास्त बोचतो. (काही जण हा प्रसंग सेंट लुईस येथील लष्करी नोंदींच्या अभिलेखागाराला १९७३ मध्ये लागलेल्या आगीशी जोडतात. त्या आगीत लष्कराच्या जळालेल्या फाइली १९६० पर्यंत सेवामुक्त झालेल्यांच्या होत्या. व्हिएतनामशी त्यांचा संबंध नाही.)

व्हिएतनामच्या माजी सैनिकांवरचा मोठा राष्ट्रीय अभ्यास अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून १९८० च्या दशकात झाला आणि चित्रपट आला त्याच वर्षी ग्रंथरूपाने आला. युद्धक्षेत्रात गेलेल्या पुरुषांपैकी पाहणीच्या वेळी १५.२ टक्क्यांना पीटीएसडी होता आणि ३०.९ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी तो झाला होता. २००६ मध्ये याच माहितीची लष्करी नोंदींशी पडताळणी करून फेरतपासणी झाली, तेव्हा आकडे ९.१ आणि १८.७ वर आले. कमी झालेले आकडे धरले तरी लाखो माणसे होतात.

या माणसांना चेहरे नसलेली भुते दिसत नाहीत. दिसते ते प्रत्यक्ष घडलेलेच, तुकड्यातुकड्यांनी: डिझेलचा वास, हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज, दमट उष्मा, आणि पुढच्या क्षणी शरीर तिकडे पोहोचलेले असते. त्याबरोबर टाळाटाळ असते: बातम्या नकोत, गर्दी नको, जुने सोबती नकोत. झोप उडते. राग पटकन येतो. सर्वांत जास्त घर मोडते ते बधिरपणाने. बायकोला वाटते हा आपल्याशी तुटून वागतो, आणि त्याला स्वतःलाही काही वाटत नसते. अशी लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तरच पीटीएसडी म्हणतात. यातले बहुतेक जण कोणावर हात उचलत नाहीत. धोका असतो तो बहुधा त्यांच्या स्वतःच्याच जिवाला.

जेकबला दिसणारा पाठलाग, कट आणि भुते हे पीटीएसडीचे वर्णन म्हणून घेऊ नये. मात्र भुते नसलेले प्रसंग पाहा. शिकलेला माणूस बुद्धी लागणार नाही अशा कामात स्वतःला पुरतो. गेलेल्या मुलाचा फोटो सापडतो आणि दिवस तिथेच थांबतो. एका सोबत्याच्या अंत्यविधीनंतर बाकीचे एकत्र बसतात आणि हळूहळू कळते की प्रत्येकालाच काहीतरी होते आहे आणि प्रत्येकाला वाटत होते की फक्त आपल्यालाच. न्यूयॉर्कमध्ये १९७० पासून माजी सैनिकांचे असे गट खरोखर बसत. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शटन त्यात सामील होते आणि पुढे निदान मान्य होण्यात त्या बैठकांचा मोठा वाटा होता. चित्रपटात सोबती लष्करावर खटला भरायचे ठरवतात आणि नंतर त्यातून एकेक करून अंग काढून घेतात. टाळाटाळीचे याहून खरे चित्र भयपटात आम्ही पाहिलेले नाही.

आज उपचार आहेत आणि ते मोजके, ठरावीक मुदतीचे आहेत. प्रदीर्घ संमुखता उपचाराच्या साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी तासदीड तासाची. त्यात आठवण टाळण्याऐवजी सुरक्षित जागी ती पुन्हा पुन्हा सांगायची असते. विचारप्रक्रियेवरच्या दुसऱ्या पद्धतीच्या १२ बैठका. औषधांत सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन. घरात कोणी युद्धातून किंवा अन्य आघातातून गेलेले असेल आणि सिनेमा पाहताना ते गोठल्यासारखे झाले, तर पाठीमागून हात लावू नका, हलवू नका. समोर या, नाव घेऊन शांतपणे आज काय वार आहे आणि आपण कुठे आहोत ते सांगा, दिवे लावा, पाय जमिनीला टेकवायला सांगा. चित्रपट बंद करा. हेलिकॉप्टर आणि संगीन अगदी सुरुवातीलाच आहेत हे आधीच सांगून ठेवावे. पार्टीच्या प्रसंगात लुकलुकते दिवे असल्याने फिट येणाऱ्यांनी तो भाग टाळावा.

शेवटी पाहण्याविषयी, कारण आपल्या लेखकाला भुते ‘प्लॅस्टिकची’ वाटली त्याचे कारण बहुधा त्यांचा दूरचित्रवाणी संच असावा. नव्या संचांत दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय कारखान्यातूनच चालू असते. कोणी तिला ट्रूमोशन म्हणते, कोणी मोशनफ्लो, कोणी ऑटो मोशन प्लस. थरथरणाऱ्या डोक्याच्या फराट्यांमध्ये ही यंत्रणा चेहरा शोधायला जाते, सापडला नाही की चिखल करते. सेटिंगमध्ये चित्राच्या विभागात जाऊन ती पूर्ण बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो एकटाच पुरेसा आहे. आवाजाचा ‘नाइट मोड’ही बंद ठेवा, कारण तो हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर आणतो आणि मोरिस जार यांच्या संगीतामधल्या शांत जागा भरून टाकतो. भुयारी रेल्वेचा प्रसंग जवळजवळ अंधारात आहे, त्यामुळे खोलीतला दिवा मालवणे आणि संचाची ‘आपोआप उजेड’ सोय काढणे दोन्ही आवश्यक. मोबाइलवर कमी दर्जाच्या प्रवाहात त्या अंधाराचे चौकोनी ठोकळे पडतात. तसे पाहण्यापेक्षा न पाहिलेला बरा. आणि २०१९ मध्ये याच नावाने दुसरा चित्रपट निघाला आहे, तेव्हा लावण्यापूर्वी साल तपासून घ्यावे.

कळावे,
आपले,
चित्रपट संकलन आणि मानसोपचार या क्षेत्रांत काम करणारे दोन वाचक